वेगळं काय राहील, ते आधी ठरलं

बडोद्यातल्या मुस्लिम समाजकेंद्रांना एकमेकांशी जोडायचं, तर आधी त्यांची एक यादी करायची, एवढ्यापासून आमचं काम सुरू झालं आणि बराच काळ तिथेच अडकलं. अशी यादी कुठेच नव्हती. वक्फ म्हणून, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या दिलेल्या म्हणून नोंदलेल्या जागा वक्फ बोर्डाच्या दप्तरात, ट्रस्ट चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत, काही संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या. आणि काही अशा, की पावतीपुस्तक आणि दाराचं कुलूप यांपलीकडे त्यांच्याकडे काही कागद नाही. तांदळजा, याकुतपुरा, फतेहगंज, नवापुरा, पाणीगेट, मोगलवाडा. कुठे जमातखाना म्हणजे जमातीचा हॉल, कुठे मदरशाला लागून असलेला हॉल, कुठे शिवणवर्ग आणि अभ्यासिका चालवणारं केंद्र. काही ठिकाणी तर दोन केंद्रं पाठीला पाठ लावून उभी, पण एकाच्या सेक्रेटरीकडे दुसऱ्याच्या खजिनदाराचा फोन नंबर नाही.

मी यात कशी आले ते सांगते. मी दांडिया बाजारात वाढलेली. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. बँकेतल्या नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेले सहकारी निवृत्तीनंतर फतेहगंजच्या एका केंद्राचे खजिनदार झाले. वर्षाअखेरीचे हिशेब नजरेखालून घालायला ते मला बोलवायचे. मी त्यांना भाई म्हणते, ते मला बेन. त्यामुळे त्यांच्या केंद्राच्या वह्या मला ठाऊक होत्या, आणि त्या वह्यांत काय नसतं तेही.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, लष्कर बोलवावं लागलं. बडोदेकरांना हे नवीन नाही. २०१९ च्या ३१ जुलैलाही एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता आणि मगरी सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. प्रत्येक वेळी देवळं, गुरुद्वारे, जमातखाने चुली पेटवतात. या वेळीही पेटवल्या. पण भाईंच्या वस्तीतल्या एकाच गल्लीत रात्री तीन ठिकाणांहून खिचडी आली, आणि मुजमहुड्याकडच्या एका गल्लीत दुसऱ्या दिवशी दुपार उलटेपर्यंत काहीच पोचलं नाही. भाई पाणी ओसरल्यावर म्हणाले, "बेन, तांदूळ होता, तेल होतं, पोरं होती. कोण कुठे निघालंय एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं."

या केंद्रांना काम जमत नाही, असं मुळीच नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये दवाखान्यांत जागा मिळेना, तेव्हा जहांगीरपुरा मशिदीत ५० खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं होतं आणि तांदळज्याच्या दारुल उलूममध्येही खाटा लागल्या होत्या. एकेकट्याने करायचं काम ही मंडळी डोळे मिटून करतात. अडतं ते दुसऱ्याला विचारून करण्यापाशी.

पुराच्या नंतरच्या हिवाळ्यात पहिली बैठक झाली. रात्रीच्या, ईशाच्या नमाजनंतरची वेळ, चहा आणि खारी, भिंतीला टेकून बसलेले सदर म्हणजे अध्यक्ष, वक्फचा कारभार बघणारे मुतवल्ली, सेक्रेटरी. मी दाराजवळच्या खुर्चीवर. त्या खोलीत बाई मी एकटीच होते. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

एका तरुण इंजिनियरने उभं राहून सरळ प्रस्ताव टाकला. सगळ्या केंद्रांची मिळून एकच संस्था करायची. एक बँक खातं, एक ऑफिस, एक अध्यक्ष. टाळ्या पडल्या. त्यानंतर जी शांतता पसरली, ती टाळ्यांपेक्षा बोलकी होती. हाजीसाहेब म्हणून सगळे ज्यांना मान देतात त्या वृद्ध मुतवल्लींनी विचारलं, "आणि अध्यक्ष कुठल्या मसलकचा?" मसलक म्हणजे पंथ: देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिवाय मेमन, घांची, पठाण अशा जमातींचे आपापले हिशेब. बैठक तिथेच संपल्यात जमा होती.

भाईंनी मला बोलायला सांगितलं, कारण मी कुठल्याच बाजूची नव्हते. मी मसलकला हात लावला नाही. फक्त कागद सांगितले. एकच संस्था करायची म्हणजे मालमत्ता एकाच्या नावावर आणायची. वक्फ जमीन विकता, बक्षीस देता, गहाण टाकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही; २०१३ च्या दुरुस्तीने ते स्पष्टच केलं. म्हणजे मशिदीला जोडलेले हॉल या विलीनीकरणातून आपोआप बाहेर. जे ट्रस्ट गुजरात सार्वजनिक ट्रस्ट कायद्याखाली आहेत, त्यांना जागा विकायची किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने इमारत भाड्याने द्यायची तरी चॅरिटी कमिशनरची आधी मंजुरी लागते. हा १९५० चा कायदा, मुंबई राज्यातून आलेला. आणि प्रत्येक ट्रस्टच्या दस्तात ज्याने पैसे दिले त्याची इच्छा लिहिलेली असते. कुणी लिहिलंय यतीमांसाठी, म्हणजे अनाथांसाठी, कुणी लिहिलंय अमुक जमातीच्या मुलींच्या शिक्षणासाठी. मेलेल्या माणसाची इच्छा बैठकीत हात वर करून बदलत नाही. इंजिनियर हिरमुसला. हाजीसाहेबांचा चेहरा मात्र सैल पडला. त्यांच्या केंद्राची जागा कुणी घेणार नाही हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी कायद्याच्या भाषेत सांगत होतं.

पुढच्या बैठकीला मी दोन कागद नेले. एकावर वर लिहिलं, "हे प्रत्येकाचं वेगळं राहील." दुसरा कोरा ठेवला. मला बँकेत कर्जाच्या वाटाघाटी करून एवढं कळलं होतं, की काय जाणार नाही याची खात्री पटल्याशिवाय माणूस काय द्यायचं यावर बोलत नाही. पहिला कागद भराभर भरला. जागा आणि इमारत वेगळी. इमाम, मौलवी, मदरशाचा अभ्यास वेगळा. मसलकवर बैठकीत बोलायचं नाही. चाँद कुणी कधी पाहिला यावरही नाही. हे शेवटचं वाक्य हसत हसत आलं, पण ते गरजेचं होतं. बोहरा मंडळी ठरलेल्या गणिती पंचांगाने चालतात, बाकीचे चाँद पाहून, म्हणून एकाच शहरात ईदच्या तारखांत एखाददोन दिवसांचं अंतर पडतं. गाडी, मंडप, देगा (मोठी पातेली) यांची वाटणी करताना हे अंतर सोयीचंच ठरतं, हे आम्हाला नंतर कळलं.

यादीतला सगळ्यात जड शब्द होता जकात. यावर एक अख्खी रात्र गेली आणि ती जायलाच हवी होती. जकात हा दानधर्माचा नेहमीचा पैसा नव्हे. तो साठवलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के ठरलेला, फर्ज म्हणजे बंधनकारक असलेला, आणि कुणाला द्यायचा याचे आठ वर्ग कुराणात सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत सांगितलेले. हनफी या इस्लामी कायद्याच्या परंपरेनुसार ती रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते. इमारतीवर, गाडीवर, वॉचमनच्या पगारावर ती लावता येत नाही. सदका, लिल्लाह, इमदाद ही आपखुशीची दानं वेगळी. कुठल्याही नीट चालवलेल्या केंद्राच्या वहीत हे रकाने वेगळे असतात. जिथे नसतात तिथे देणारे हळूहळू पैसे द्यायचं बंद करतात. त्यामुळे जकातीचा एकही रुपया सामाईक खात्यात येणार नाही, असं पहिल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं. एका मौलवीसाहेबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली.

माझ्याकडचा एक मुद्दाही त्यात बसला. अनेकांना वाटत होतं की प्रत्येक केंद्राने दर वर्षी सामाईक संस्थेला लाख, दोन लाख द्यावेत, मग ती खर्च करेल. आयकराच्या दृष्टीने हे महागात पडतं. २०२३ च्या वित्त कायद्यापासून एका धर्मादाय ट्रस्टने दुसऱ्याला देणगी दिली तर त्यातली ८५ टक्केच रक्कम खर्च म्हणून धरली जाते. लाख दिले तर हिशेबात ८५ हजार. परदेशी देणगीचं तर बोलूच नये. एकाने घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायला २०२० पासून पूर्ण मनाई आहे. मग पैसा एका डबक्यात साठवायचाच कशाला? ज्याचा खर्च त्याने करावा, आणि वाटून घ्यायच्या वस्तूंचं बिल प्रत्येकाने आपापल्या हिश्शाचं थेट भरावं. हा निर्णय ऐकायला किरकोळ आहे. पण पैसा एका हातात येणारच नाही म्हटल्यावर खजिनदार कोण व्हावं यावरची भांडणं मिटली.

मग कोऱ्या कागदाची पाळी आली. त्यावर मोजकंच आलं: मय्यतीची गाडी, शव ठेवायची बर्फाची पेटी, स्वयंपाकाची भांडी, पूर आणि आगीच्या वेळचा फोन, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज. नोंदणी करायची का? मी म्हटलं, इतक्यात नको. १८८९ साली याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाच नव्हता. तो १९०४ मध्ये आला. आधी माणसांनी एकमेकांशी ठरवलं, कायदा मागून आला. आमच्या मराठी घरांत अन्योन्यचं नाव अजून निघतं. त्या बैठकीत बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा ऐकलं असावं, पण पटलं. दोन पानांचा करार झाला, गुजरातीत, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि एक अट: वर्षभर चालवून बघायचं, नाही जमलं तर नाराजी न ठेवता मोकळं व्हायचं.

भांडी हा विषय मला हलका वाटला होता. देगा, झारे, पराती, सतरंज्या, दस्तरखान. लग्नाच्या मोसमात प्रत्येक केंद्र बाहेरून भाड्याने आणतं आणि स्वतःच्या देगा शेडमध्ये गंजत पडतात, कारण शेजारच्याला त्या आहेत हेच माहीत नाही. मोजणी केल्यावर शहराच्या एका भागात देगा गरजेपेक्षा जास्त निघाल्या आणि दुसऱ्या भागात नव्हत्याच. प्रत्येक केंद्राचा रंग ठरला, बुडाशी ऑइल पेंटचा ठिपका मारला. रजिस्टर एकच, ज्याच्याकडे देग गेली त्याची सही. कल्हईचा आणि टेम्पोचा खर्च नेणाऱ्याचा. बाहेरच्याला भाडं पूर्ण, सभासदाला निम्मं. पहिल्या लग्नाच्या मोसमात एका केंद्राचं मोठं झाकण हरवलं आणि त्यावरून इतकी तणतण झाली की मला वाटलं करार इथेच फाटतो. हाजीसाहेबांनी स्वतःच्या खिशातून झाकण आणून दिलं आणि सभेत सांगितलं, "हे मी दिलं नाही. ज्याने हरवलं तो पुढच्या जुम्यापर्यंत मला पैसे देईल." पैसे आले. कुणी दिले ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जावर मात्र खरी कसोटी लागली, म्हणून तिथे थोडं थांबते.

केंद्र सरकारची अल्पसंख्याकांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२-२३ पासून बंद झाली. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने मोफतच आहे, असं कारण दिलं गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याची घोषणा झाली. मोफत शाळा म्हणजे मोफत वह्या, गणवेश आणि रिक्षा नव्हे. त्यामुळे जूनमध्ये केंद्रांच्या दारात रांगा वाढल्या. प्रत्येक केंद्राचा अर्ज वेगळा, तारीख वेगळी, मागायचे कागद वेगळे. आया एका दारातून दुसऱ्या दारात तेच उत्पन्नाचं प्रमाणपत्र घेऊन फिरतात, त्या दिवसाची मजुरी बुडते.

सगळ्यांचे मागच्या वर्षीचे अर्ज शेजारी शेजारी ठेवले. एका मुलाला तीन ठिकाणांहून फी मिळाली होती, आणि त्याच गल्लीतल्या दोन बहिणींना कुठूनच नाही. एकजण तडकला, "फसवणूक आहे ही!" तेव्हा पहिल्यांदा त्या खोलीत दुसरी बाई बोलली. याकुतपुऱ्याच्या शिवणवर्गाच्या आपा. त्या बैठकीला त्यांना मीच आग्रहाने आणलं होतं, कारण विधवा आणि यतीम मुलांची खरी माहिती त्यांच्या वहीत होती. आपा म्हणाल्या, "त्याच्या आईने तीन दारं वाजवली. तिन्ही दारांनी दिलं. यात तिने खोटं काय सांगितलं? तुम्ही तिला विचारलं का, दुसरीकडून मिळालं का म्हणून?" कुठल्याच अर्जात तो प्रश्न नव्हता.

मग सामाईक नोंदवही करायची ठरली आणि नवा पेच उभा राहिला. गरजूंची नावं सगळ्यांना दिसली तर मोहल्ल्यात त्यांच्या इज्जतीचं काय? आपाच म्हणाल्या, माझ्याकडच्या बायका नाव लिहून घ्यायलाच तयार होणार नाहीत. यावर खूप घासाघीस झाली. कुणाला वाटे नावं उघड असली की लबाडी थांबेल. माझं मत उलट होतं. लबाडी थोड्यांची असते, लाज सगळ्यांची. शेवटी प्रत्येक अर्जाला एक क्रमांक द्यायचं ठरलं. रेशनकार्डाच्या नोंदीवरून क्रमांक जुळवायचं काम दोघांनीच करायचं, एक आपा आणि दुसरे भाई. बाकी केंद्रांना फक्त एवढं कळेल, की या क्रमांकाची फी भरली गेली आहे किंवा नाही. कुणाच्या जकातीतून दिली, किती दिली, ते त्या त्या केंद्राकडेच राहील. अर्ज एकच, तारीख एकच, आणि आईने जवळच्या कुठल्याही एका केंद्रात दिला की पुरे.

त्या जूनमध्ये रांगा होत्याच, पण एका आईला एकच रांग. पैसे जास्त जमले नाहीत. तेवढेच पैसे जास्त घरांत गेले. आणि पुढच्या बैठकीपासून प्रत्येक केंद्राने एक तरी बाई पाठवावी, असा ठराव आला. तो मी मांडला नव्हता, इंजिनियरने मांडला. काही केंद्रं अजून पाठवत नाहीत. त्यांच्याकडून चहाचे जास्त पैसे घ्यावेत अशी माझी सूचना हसण्यावारी नेली गेली.

बोहरा मंडळींबद्दल लोक मला विचारतात. अलवी बोहरांच्या धर्मगुरूंची गादीच बडोद्यात आहे, दाऊदी बोहरांचीही जुनी वस्ती आहे. या जमातींची घडी आधीपासून पक्की बसलेली असते. दाऊदींकडे तर घराघरात थाळी पोचवायची व्यवस्था इतकी चोख आहे की बँकेने शिकावं. त्यांच्यातले दोन तरुण एकदा आले, आम्ही काय करतोय ते ऐकलं, डब्यांची ने-आण कशी लिहून ठेवतात ते दाखवलं, आणि सही न करता गेले. पुराच्या वेळी फोन करा म्हणाले. मला हे पुरेसं वाटतं. सगळ्यांनी सही करायलाच हवी, हा हट्ट धरला असता तर आहेत तेही गेले असते.

याच दरम्यान, २०२५ मध्ये, वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली. ६ जूनला वक्फच्या नोंदींचं सरकारी उम्मीद पोर्टल सुरू झालं. प्रत्येक नोंदणीकृत वक्फची माहिती, जागेचं नेमकं स्थान आणि मोजमाप सहा महिन्यांत त्यावर चढवायचं होतं. कायद्यावर सुप्रीम कोर्टात वाद चालू होता, १५ सप्टेंबरला काही कलमांना स्थगितीही मिळाली, पण नोंदणीची अट कायम राहिली. या कायद्याबद्दल बैठकीत मतं टोकाची होती आणि मी त्यात पडले नाही. ठरलं एवढंच, की मत काहीही असो, कागद तयार हवेत. भाईंच्या केंद्रात एक लॅपटॉप, एक स्कॅनर आणि वाणिज्य शाखेची दोन मुलं संध्याकाळी बसू लागली. करारात हे काम नव्हतंच. पण लहान मशिदींच्या मुतवल्लींना, ज्यांनी कधी ई-मेल केला नाही त्यांना, पहिल्यांदा या मंडळाचा काही उपयोग दिसला. भांड्यांच्या रजिस्टरने जे झालं नव्हतं ते स्कॅनरने केलं.

एका वयस्क मुतवल्लींनी पिशवीतून घडीवर फाटलेला कागद काढला. गायकवाडी काळातला, मोडीत लिहिलेला. बडोदे संस्थानाचा जुना कारभार मोडी मराठीत चाले, त्यामुळे शहरात असे कागद कुणाच्या ना कुणाच्या पेटीत असतात. मला मोडी येत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकांना येते. मुतवल्लीसाहेब स्वतः रिक्षा करून आले, काकांच्या दिवाणखान्यात बसले, आणि काकांनी भिंगाखाली एकेक ओळ वाचून काढली. दिवाबत्तीच्या खर्चासाठी जमीन दिल्याचा उल्लेख होता. खाली शिक्का पुसट. काकांनी देवनागरीत उतरवून दिलं, मी गुजराती केलं, वकिलाने पुढचं. काकांनी पैसे घेतले नाहीत, मुतवल्लींनी ईदला शीरखुर्मा पाठवला, काकूंनी डब्यातून चिवडा परत पाठवला. अजून तो डबा फिरतोच आहे.

वर्ष संपल्यावर नोंदणीचा विषय परत आला, कारण मय्यतीची गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हा प्रश्न होता. करारावर गाडीचा विमा निघत नाही. सोसायटी कायद्याला निदान सात सभासद लागतात, ते होते. गुजरातेत अशी सोसायटी सार्वजनिक ट्रस्ट म्हणूनही नोंदवावी लागते. घटना लिहायला बसलो आणि उद्देशांच्या पहिल्याच ओळीवर अडलो: "मुस्लिम समाजाच्या हितासाठी." मी म्हटलं, ही ओळ बदला.

कारण हिशेबाचं होतं. १ एप्रिल १९६२ नंतरचा धर्मादाय ट्रस्ट एकाच धर्मसमूहाच्या किंवा जातीच्या भल्यासाठी असेल तर त्याला आयकराची सूट मिळत नाही. देणगीदाराला ८० जीची, म्हणजे दिलेल्या देणगीवरची, करसवलत हवी असेल, तरीही संस्था एकाच समाजासाठी असून चालत नाही. रतलामच्या दाऊदी बोहरा जमातीच्या खटल्यात २०१४ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही उद्देश असलेल्या ट्रस्टचा फायदा सगळ्यांना खुला असेल तर सूट नाकारता येणार नाही. ते ठीक, पण मुळातच ओळ मोकळी लिहिली तर वकिलाकडे जावंच लागत नाही.

खोली दोन भागांत विभागली गेली. एक बाजू म्हणाली, आमच्या लोकांच्या पैशाने घेतलेली गाडी. दुसरी म्हणाली, पुरात कुणी विचारलं होतं? हा वाद बराच लांबला असता, पण पहिला कागद कामाला आला. मौलवीसाहेबांनी, ज्यांनी जकातीची ओळ दोनदा वाचून घेतली होती, तो काढून टेबलावर ठेवला. जकात ज्याच्या त्याच्याकडे आहे. मदरसा ज्याचा त्याचा आहे. या नव्या संस्थेत फक्त लिल्लाह आणि साधी देणगी येणार. मग ती कुणासाठीही खुली असली तर कुठल्या दात्याचा शब्द मोडतो? कुणाकडे उत्तर नव्हतं. ओळ बदलली: "जात, धर्म, पंथ न पाहता बडोदे शहरातील गरजूंसाठी." अध्यक्षपद दर वर्षी फिरतं, केंद्रांच्या नावांच्या आद्याक्षरांनी, म्हणजे निवडणूकच नको. इंजिनियर सेक्रेटरी झाला. त्याला मनातून अजूनही एकच मोठी संस्था हवी आहे आणि तो ते लपवत नाही.

गाडी आली. ड्रायव्हरच्या पगारावरून रमजानात कुरबुर होते, कारण त्या महिन्यात रात्रीच्या फेऱ्या वाढतात आणि तो जादा मागतो. द्यायला हवेत, माझं मत. पावसाळ्याआधी फोनची साखळी तपासतात: कुठल्या वस्तीला कोण जेवण देणार, कुणाकडे होडी आहे, कुठला हॉल उंचावर आहे. परवाच्या तपासणीत दोन नंबर बंद लागले.

आणि एक केंद्र बाहेर पडलं. नवे ट्रस्टी आले, त्यांना फिरतं अध्यक्षपद पसंत नव्हतं. करारातल्या अटीप्रमाणे नाराजी न ठेवता गेले, निदान कागदावर. देगा मात्र अजून आमच्या रजिस्टरवर सही करूनच नेतात. त्यांना भाडं सभासदाचं लावायचं की बाहेरच्याचं, हा पुढच्या बैठकीचा विषय आहे. सेक्रेटरी म्हणतो पूर्ण घ्या. आपा आणि मी निम्म्याच्या बाजूने आहोत, आणि हाजीसाहेब अजून काही बोललेले नाहीत.